सायलेंट हंटर ३ (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा संगणक खेळ): रोज तासभर वेळ आहे आणि नेम स्वतः धरायचा आहे, तर मोठ्या मॉडपैकी (मॉड म्हणजे खेळ बदलणाऱ्या फायलींचा संच) जीडब्ल्यूएक्स घेऊ की एनवायजीएम? कुणीतरी दिलेली तीस मॉडची यादी आहे, ती टाकू का?

यादी टाकू नका. या याद्यांवरून माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत आणि मत तसूभरही बदललेलं नाही. नवख्याच्या हातात तीस मॉड दिले की खेळ तिसऱ्या गस्तीत कोसळतो, आणि कोणत्या मॉडमुळे ते यादी देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जीडब्ल्यूएक्स आणि एनवायजीएम एकत्र तर मुळीच नकोत. दोन्ही मोहिमेच्या, सेन्सरच्या आणि जहाजांच्या त्याच फायली बदलतात, त्यामुळे नंतर टाकलेला आधीच्याला अर्धवट पुसतो. जीडब्ल्यूएक्समध्ये समुद्र भरलेला वाटतो. बंदरात वर्दळ असते आणि विमानं जीवघेणी असतात. विमान दिसलं की तोफेकडे धावू नका, बुडी मारा. एनवायजीएमची खरी ताकद जहाज बुडण्यात आहे. तिथे पाणी भरतं तसं जहाज बुडतं, कधी काही तास लागतात. सात-सी प्रकारच्या पाणबुडीवर टॉर्पेडो चौदाच. मग दुसरा सोडायचा की थांबायचं, हा निर्णय जड जातो. मला तोच आवडतो.

नेम हाताने धरणं मॉडवर अवलंबून नाही, ते खेळाच्या रिअ‍ॅलिझमच्या (खरेपणाच्या) पर्यायांत आहे. मॅन्युअल टार्गेटिंग सुरू करा, पण नकाशावरचे संपर्क (दिसलेल्या जहाजांच्या खुणा) आधी चालू ठेवा. वेग काढायला पाणबुडी थांबवा, पेरिस्कोप एका दिशेला स्थिर धरा आणि जहाजाचं नाक ते शेपूट पेरिस्कोपमधल्या उभ्या रेषेवरून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. मीटरमधली लांबी गुणिले १.९४ भागिले सेकंद म्हणजे नॉट. १३० मीटरचं जहाज ३२ सेकंदांत गेलं तर वेग जेमतेम ८ नॉट. पाणबुडी चालू असेल तर हा आकडा चुकतो, आणि टॉर्पेडो पुढून किंवा मागून निघून जातो. हे अंगवळणी पडलं की नकाशावरचे संपर्क बंद करा.

जीडब्ल्यूएक्सला स्वतःचा इन्स्टॉलर आहे. तो १.४बी आवृत्तीच्या स्वच्छ खेळावरच चालवा, आणि खेळ प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर ठेवा, नाहीतर विंडोज फायली बदलू देत नाही. छोटे मॉड जेएसजीएमईने (मॉड टाकण्या-काढण्याच्या छोट्या प्रोग्रामने) टाका. मॉडचं फोल्डर उघडल्यावर लगेच ‘डेटा’ हे फोल्डर दिसायला हवं. आत पुन्हा त्याच नावाचं फोल्डर असेल तर मॉड सुरू दिसतो आणि काहीच होत नाही. निम्म्या तक्रारी याच्याच असतात. मॉड काढताना शेवटचा आधी काढा. एसएच३ कमांडर हा खेळाच्या फायली बदलणारा जोडप्रोग्राम वापरत असाल तर मॉड बदलण्याआधी त्यात रोलबॅक करा, म्हणजे त्याचे बदल मागे घ्या. बदल फक्त बंदरात करा, गस्तीच्या मध्यात केला की सेव्ह गेलाच म्हणून समजा.

तासभरच वेळ असेल तर सेव्ह करण्याची शिस्त मॉडपेक्षा महत्त्वाची. पाण्याखाली किंवा जहाजांजवळ सेव्ह करू नका, जीडब्ल्यूएक्समध्ये असे सेव्ह पुढे बऱ्याचदा उघडत नाहीत. आधी काफिल्यापासून दूर जा, वर या, मग सेव्ह करा. म्हणजे हल्ला सुरू करण्याआधी घड्याळ बघायचं.

आणि बाहेरचा कॅमेरा चालू ठेवणाऱ्याला ‘खरा कप्तान नाही’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. जहाज बुडताना बाहेरून पाहायला आवडत असेल तर तो पर्याय तुमच्यासाठीच आहे, आणि त्याने नेमाची गणितं आपोआप सुटत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तासभरासाठी जीडब्ल्यूएक्स. सुट्टीत मोठी बैठक होणार असेल तर एनवायजीएम, पण वेगळ्या फोल्डरात खेळाची स्वच्छ प्रत करून. हां, जीडब्ल्यूएक्सला उघडायला वेळ लागतो. खेळ मेमरीअभावी कोसळत असेल तर एसएच३.ईएक्सई या खेळाच्या मुख्य फाइलला चार जीबीचा पॅच (खेळाला जास्त मेमरी वापरू देणारा बदल) लावा, मूळ फाइलची प्रत जपून ठेवून.