८०८० नंबरच्या सीटवरचा रुमाल

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याच सर्व्हरवर प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका ठेवायला डीस्पेस हे दुसरं सॉफ्टवेअर. विद्यार्थ्यांचं ओपॅक (पुस्तकं शोधायचं पान) ८० पोर्टवर (सर्व्हरच्या ८० नंबरच्या दारावर) आणि आमचं कर्मचाऱ्यांचं पान ८००० वर, असं चार वर्षं बिनबोभाट चालू होतं. एका प्रशिक्षणात मिळालेल्या टिपणात कर्मचाऱ्यांच्या पानासाठी ८०८० लिहिलं होतं, म्हणून मी पोर्ट्स.कॉन्फ आणि ग्रंथालयाची फाइल या दोन्हींत ८००० चं ८०८० केलं आणि अपाचे (ही पानं पुरवणारा वेब सर्व्हर) रीस्टार्ट केला. तेव्हापासून तो सुरूच होत नाही. ओपॅकही गेलं. ‘अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ मात्र ‘सिंटॅक्स ओके’ सांगतो. सर्व्हरनेमबद्दल तक्रार होती, ती मिटवली. ‘अनेबल टू ओपन लॉग्ज’ आलं म्हणून लॉगच्या (नोंदींच्या) फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची, परवानगीही देऊन पाहिली. परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि देवघेव वहीवर चालू आहे. स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक ग्रंथपाल, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, आधी देवघेव सुरू करा. ज्या दोन फायली बदलल्यात त्यांत ८०८० खोडून पुन्हा ८००० लिहा आणि अपाचे सुरू करा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढचं उत्तर त्यानंतर चहा घेत वाचा.

झालं काय, ते तुमच्या फोटोतच आहे. स्क्रीनवर ट्यूबलाइट चमकते आहे, तरी मधली ओळ वाचता येते : ‘(९८) अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आणि त्याच ओळीत पुढे ‘कुड नॉट बाइंड टू अ‍ॅड्रेस’, शेवटी ८०८०. म्हणजे ८०८० या पोर्टवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा तिथे रुमाल पडलेला आहे. तो कुणाचा, हे विचारायची आज्ञा अशी (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायची) : सुडो, एसएस, मग डॅश आणि एलटीएनपी. येणाऱ्या यादीत ८०८० ची ओळ शोधा, तिच्या टोकाला ‘जावा’ असा शब्द दिसेल अशी माझी खात्री आहे. तो तुमचा टॉमकॅट, जावा प्रोग्राम चालवणारा सर्व्हर. डीस्पेस टॉमकॅटवर चालतं, आणि टॉमकॅटला कुणी वेगळं सांगितलं नाही तर तो ८०८० च धरतो. चार वर्षं तो तिथेच बसून आहे. तुम्ही ८००० वर होतात, म्हणून कधी धक्का लागला नाही.

मग कॉन्फिगटेस्ट ‘ओके’ का म्हणाला? कारण तो फाइलीचं व्याकरण तपासतो. शब्द ओळखीचा आहे का, कंस जुळतात का, इतकंच. ‘लिसन ८०८०’ हे वाक्य व्याकरणात अगदी शुद्ध आहे. सीट रिकामी आहे का, हे प्रत्यक्ष बसायला गेल्यावरच कळतं. आणि ओपॅकनं काय घोडं मारलं होतं? ८० पोर्ट तर मोकळंच होतं. पण अपाचेचा हट्ट असा की सांगितलेल्या पोर्टांपैकी एक जरी मिळालं नाही तरी तो सगळ्यांवर पाणी सोडून घरी जातो. त्यात ‘सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट’ आधी चालू असलेल्याला थांबवतो आणि मग नव्यानं सुरू करायला जातो. नवा उठला नाही की जुनाही हातचा गेलेला असतो.

आता तुमचे दोन दिवस ज्यांनी खाल्ले त्या दोन ओळी. पहिली सर्व्हरनेमची, एएच००५५८. ही निव्वळ कुरकुर आहे. अपाचेला स्वतःचं पूर्ण नाव ठरवता आलं नाही, म्हणून त्यानं १२७.०.१.१ (यंत्राचा स्वतःचाच पत्ता) धरलं, एवढंच ती सांगते. डेबियनच्या कित्येक चालत्या सर्व्हरांवर ती दर वेळी उमटते आणि कुणाचं काही बिघडत नाही. दुसरी ‘अनेबल टू ओपन लॉग्ज’, एएच०००१५. ही ओळ चक्क दिशाभूल करते आणि तुम्ही फसलात यात तुमचा काहीच दोष नाही. अपाचेच्या आतल्या मांडणीत पोर्ट उघडण्याचं काम ‘लॉग उघडणे’ या टप्प्यातच उरकलं जातं. पोर्ट मिळालं नाही की तो टप्पाच नापास, आणि शेरा पडतो तो लॉगच्या नावावर. लॉगच्या फोल्डरला काहीही झालेलं नव्हतं. शेवटची ओळ ठळक दिसते म्हणून आपण तीच धरून बसतो. खरं दुखणं तिच्या दोन-तीन ओळी वर असतं.

म्हणून ते ७७७ आजच्या आज काढा. डेबियनमध्ये त्या फोल्डरचा मालक रूट (मुख्य प्रशासक), गट एडीएम आणि परवानगी ७५० असते. आतल्या फायलींनाही हात लावला असेल तर त्यांना ६४०. हे सुरक्षेसाठी सांगतोच आहे, पण आणखी एक कारण आहे. फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं दिसलं की जुने लॉग गुंडाळणारा लॉगरोटेट ‘इनसिक्युअर परमिशन्स’ म्हणत त्या फायली वगळून पुढे जातो. मग लॉग फुगत राहतात, आणि डिस्क भरली की तुमचं पुढचं पत्र मला त्याबद्दल येईल.

माझीही एक फजिती सांगतो, तेवढंच तुम्हाला बरं वाटेल. अपाचे २.२ च्या दिवसांत मी एका कॉलेजात सर्व्हर सांभाळायचो. ऐन प्रवेशाच्या दिवशी हीच ९८ नंबरची चूक आली. कोणतं पोर्ट कुणाकडे ते दाखवणारा नेटस्टॅट चालवला, तर ८० वर कुणीच नाही! तीन तास मी चोर शोधत होतो, प्राचार्यांचा शिपाई दर वीस मिनिटांनी डोकावून जायचा. शेवटी कळलं की ‘लिसन ८०’ पोर्ट्स.कॉन्फमध्ये होतंच, आणि मी ते साइटच्या फाइलीत पुन्हा लिहिलं होतं. अपाचे स्वतः सीटवर बसला आणि मग त्याच सीटवर बसायला आलेल्या स्वतःशीच भांडला. तेव्हापासून ‘लिसन’ला हात लावण्याआधी मी अपाचेच्या अख्ख्या फोल्डरात ग्रेप या शोधायच्या आज्ञेनं तो शब्द शोधतो.

तुम्हाला ८०८० च हवं असेल, तर टॉमकॅटला त्याच्या सर्व्हर.एक्सएमएलमधून दुसरीकडे हलवावं लागेल आणि डीस्पेसच्या सेटिंगमधले पत्तेही बदलावे लागतील. मी तुमच्या जागी असतो तर या फंदात पडलो नसतो. ८०८० ला काही पावित्र्य नाही. टिपण लिहिणाऱ्याच्या मशीनवर ते मोकळं होतं, बस. कधी पोर्ट बदलायचंच झालं तर ते दोन्हीकडे सारखं हवं : पोर्ट्स.कॉन्फमधल्या ‘लिसन’ला आणि तुमच्या ग्रंथालयाच्या फाइलीतल्या ‘व्हर्च्युअलहोस्ट’ला. एकच बदललंत तर अपाचे सुरू होईल, पण कर्मचाऱ्यांचं पान भलतंच काही दाखवेल. कोहा-साइट्स.कॉन्फमधला ‘इंट्रापोर्ट’ बदलून मात्र काही हाती लागणार नाही. तो नवं ग्रंथालय तयार करतानाच वाचला जातो.

प्रश्न : एनजिनएक्स (अपाचेसारखाच वेब सर्व्हर) ४७ व्या ओळीत चूक दाखवतो, ‘रूट’ (साइटच्या फोल्डरची सेटिंग) पुढच्या शब्दांची संख्या चुकीची म्हणतो. ४७ व्या ओळीत ‘रूट’ हा शब्दच नाही!
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ४६ वी ओळ बघ. तिच्या शेवटी अर्धविराम राहिला आहे. तो सापडेपर्यंत एनजिनएक्स पुढचं सगळं ‘रूट’चंच समजून वाचत गेला, आणि ४७ च्या टोकाला अर्धविराम दिसल्यावर म्हणाला, इतके शब्द कसे? ‘एनजिनएक्स’ला डॅश टी लावून आधी तपासत जा आणि बदल ‘रीलोड’नं लागू कर. फाइल चुकली असेल तर रीलोडच्या वेळी तो नवी मांडणी नाकारतो आणि जुन्यावर चालू राहतो.