लहानपणचे कुमार ऐकावेत का?

प्रश्न : कुमार गंधर्वांचं नंतरचं गाणं जीव की प्राण. पण लहानपणच्या तबकड्या नुसती नक्कल वाटतात. ऐकू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ऐकाच हो! आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचं पोर ते, जन्म १९२४ चा. थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचं, नक्कल वाटणारच. पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतानाची ऐट बघा! तबकडीच्या एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा करायचा, रेंगाळायला जागाच नाही. पुढे मुंबईत गुरू देवधर मास्तरांकडे शिक्षण, मग क्षय, १९४८ मध्ये मध्य प्रदेशातल्या देवासला मुक्काम. एक फुप्फुस गेलं म्हणून गाण्यात छोटे, झटकन सुटणारे स्वर आले, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तो झटका पोरवयातही ऐकू येतो. फक्त खरखर गाळलेली प्रत घेऊ नका, आवाजाची धार बोथट होते.