केआयकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) बोर्डाची आउटलाइन, म्हणजे बाहेरची कड, जोडलेली दिसते तरी डीआरसी (आराखड्यातल्या चुका शोधणारी तपासणी) ‘बंद नाही’ म्हणतो. आणि २३० व्होल्टच्या रिलेपाशी (विजेने चालणारा स्विच) स्लॉट, म्हणजे आरपार लांबट खाच, कशी काढायची?

आधी डीआरसीचं बघू. स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विसंबू नका. एज कट्स लेयरवरच्या (बोर्ड कुठे कापायचा ते दाखवणारा थर) रेघेला जाडी असते, आणि दोन टोकांमधली ०.०२ मिमीची फट त्या जाडीखाली सहज झाकली जाते. सॉफ्टवेअर टोकांचे आकडे तपासतं. कोपऱ्यातल्या रेघेवर डबल क्लिक करून शेवटच्या बिंदूचे एक्स-वाय बघा. एकीकडे ५० आणि शेजारच्या कंसाला ४९.९८ असेल, तर चोर सापडला. दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधली डीएक्सएफ फाइल आयात केली की हे हमखास होतं. साधा आयत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ग्रिड १ मिमीवर ठेवून आयत नव्याने काढा आणि कोपरे फिलेट या आज्ञेने गोल करा. पाच मिनिटांचं काम आहे.

लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) आणलेल्या डबीत बोर्ड बसवायचा म्हणताय, तर डबी आतून व्हर्नियरने मोजा आणि बोर्ड प्रत्येक बाजूने अर्धा मिमी लहान ठेवा. तळाशी मोजा, तोंडाशी नको. त्या डब्या खाली निमुळत्या होतात.

आता स्लॉट. त्याला वेगळा लेयर नाही. एज कट्सवरच, आउटलाइनच्या आत, दुसरा बंद आकार काढायचा: दोन समांतर रेघा आणि टोकांना दोन अर्धवर्तुळं. एकच जाड रेघ ओढून भागत नाही. हा भाग कारखान्यातल्या राउटर यंत्राचा गोल बिट (फिरतं पातं) कापतो, त्यामुळे बिटपेक्षा अरुंद स्लॉट होत नाही, आणि आतला कोपरा काटकोनी येत नाही. २ मिमीचा बिट असेल तर कोपऱ्याला १ मिमी त्रिज्या राहणारच. कारखान्याचा सर्वांत बारीक बिट कोणता, हे फाइल पाठवण्याआधी विचारून घ्या.

२३० व्होल्टसाठी रुंदीचा प्रश्न सुरक्षेचाही आहे. आयईसी ६०६६४-१ या इन्सुलेशनच्या मानकाप्रमाणे प्रदूषण श्रेणी २ मध्ये (ही श्रेणी म्हणजे आसपास धूळ-ओल किती) १ मिमीपेक्षा अरुंद खाच साधारणपणे क्रीपेजमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलेल्या अंतरात, धरलीच जात नाही. श्रेणी ३ ला हीच मर्यादा १.५ मिमी. मुंबईची दमट हवा आणि डबी गॅलरीत लागणार, तेव्हा मी २ मिमी ठेवीन. स्लॉट रिलेच्या कॉइलच्या (चालवणारी बाजू) आणि कॉन्टॅक्टच्या (२३० व्होल्टची बाजू) पिनांच्या मधून न्या, आणि दोन्ही टोकांना पिनांच्या बराच पुढे काढा. नाहीतर गळती टोकाला वळसा घालून पलीकडे जाते आणि स्लॉट नुसता शोभेचा उरतो. बरेच जण इथेच फसतात.

शेवटी ‘बी’ ही कळ दाबून कॉपरचे भरीव भाग पुन्हा भरा. ते कडेपासून आपोआप मागे सरकतं, डिफॉल्ट ०.५ मिमी, तेवढंच राहू द्या. ऑल्ट+३ ने थ्रीडीत आरपार भोक दिसतंय का बघा. आणि मापांचे बाण, अक्षरं एज कट्सवर ठेवू नका, यूजर ड्रॉइंग्जवर हलवा. नाहीतर ‘५० मिमी’ हेही कापायचं का, असं विचारणारा मेल येईल.