आठ बाय पंचवीस पुरे झालं की हो!

ताई, नमस्कार. मी ६३ वर्षांचा, मुलुंडला राहतो, मागच्या वर्षी रिटायर झालो. सकाळी भांडुप पंपिंग स्टेशनला आणि सीझनमध्ये ऐरोलीला पक्षी बघायला जायची नवीन सवय लागलीय. मुलाची जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून मान भरून येते म्हणून खिशात मावेल असं मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याने बघायची छोटी दुर्बीण, घ्यावं म्हणतो. भाच्याने ऑनलाइन ४०×६० वालं दाखवलं, १२९९ रुपये, नाइट व्हिजन आहे म्हणे आणि मोबाइलला लावायची क्लिप फुकट. दुकानदार मात्र ८×२५ वाल्याचे पाच हजारांवर सांगतो. नंबर कमी आणि पैसे जास्त, हे काय गणित आहे? शिवाय मला चष्मा आहे. काय करू?
एक वाचक, मुलुंड

काका, नमस्कार. भाच्याला दुखवू नका पण ते ४०×६० काही घेऊ नका. माझ्याकडे आहे एक, भावाने राखीला दिलेलं, सध्या आमच्या बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावते, त्या कामाला उत्तम आहे.

गणित तुम्ही विचारलंच आहे तर सांगते. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलीमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याची रुंदी मिळते. हा ठिपका बघता येतो बरं का, मोनोक्युलर हातभर लांब धरायचं, पुढची काच आकाशाकडे करायची, की मागच्या काचेत मधोमध एक पांढरी टिकली दिसते. मी एका रविवारी मुलाची फूटपट्टी घेऊन बसले आणि राखीवाल्याची मोजणी केली. पुढची काच ६० सांगितलेली ती भरली ४०, आणि टिकली भरली ४ मिलीमीटर. आता ४० भागिले ४ किती ते तुम्हीच सांगा. म्हणजे चाळीसपट म्हणून विकलेलं ते बिचारं दहापट निघालं! खरंच ४०×६० असतं तर टिकली जेमतेम दीड मिलीमीटरची यायला हवी होती. एवढा सरळ झोल आहे, आणि फूटपट्टी सगळ्यांच्या घरी असते पण मोजतो कोण.

बरं समजा खरंच चाळीसपट असतं, तरी तुमच्या काय उपयोगाचं? पक्षी चाळीसपट जवळ येतो तसा हाताचा कापही चाळीसपट मोठा होतो. एवढी पॉवर असलेल्या दुर्बिणी लोक ट्रायपॉडवर लावून बघतात. हातात धरून आठपट आरामात, दहापट जरा श्वास रोखून, त्याच्या पुढे पक्षी कमी आणि स्वतःची नाडी जास्त दिसते. झूमवाली १०-३० पण येतात, त्यांच्याही नादी लागू नका, पंचवीसच्या काचेवर तीसपट केलं की टिकली एक मिलीमीटरच्याही खाली जाते आणि चित्र विझल्यासारखं होतं. नाइट व्हिजन म्हणजे तर निव्वळ फेकाफेकी, साध्या काचेत कसलं आलंय नाइट व्हिजन, त्याला आत इलेक्ट्रॉनिक्स लागतं आणि ते या भावात येत नाही. क्लिपवर माझी अख्खी एक संध्याकाळ गेली, फोटोत काळ्या गोलाच्या मधे एक हललेला बगळा आला.

आता आठपट कमी वाटत असेल तर असं बघा, २४० मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) तुम्हाला ३० मीटरवर उभा असल्यासारखा दिसणार. तीस मीटरवरून चोच ओळखता येते की. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा रोहित, चोच जवळजवळ सगळीच गडद लाल-काळपट असेल तर छोटा. आपल्या ठाणे खाडीत दोन्ही येतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळे एकच वाटतात. दुसरं, आठपटवाल्यात दिसणारा गोल मोठा असतो, हजार मीटरवर साधारण ११०-१२० मीटर रुंदीचा भाग मावतो, त्यामुळे उडालेला खंड्या परत सापडतो. पॉवर वाढली की गोल आकसतो आणि मग आपण नुसतं कांदळवन चाळत बसतो, तोवर शेजारचा माणूस बघून, फोटो काढून, चहाला गेलेला असतो.

उजेडाचं म्हणाल तर ८×२५ ची टिकली ३ मिलीमीटरच्या आसपास. भर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलीमीटरच उघडी असते, म्हणजे सकाळी सातनंतर काही कमी पडणार नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते, तेव्हा मात्र ४२ वाली मोठी काच बाजी मारते, हे खरं आहे. पण काका, वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे जो फरक पंचविशीतल्या पोराला जाणवेल तो तुम्हाला तितका जाणवणारच नाही. वयाचा हा एवढाच फायदा माझ्या माहितीत आहे!

चष्म्याचं मात्र नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. बॉक्सवर आय रिलीफ म्हणून आकडा असतो, म्हणजे डोळा मागच्या काचेपासून किती लांब असला तरी अख्खा गोल दिसतो ते अंतर, चष्मेवाल्यांना तो १५ मिलीमीटर किंवा जास्त हवा, नाहीतर चष्मा लावून बघितलं की गोलाच्या कडा कापल्या जातात आणि किल्लीच्या भोकातून बघतोय असं वाटतं. आयकप, म्हणजे मागच्या काचेभोवतीची रबरी कड, खाली फिरवून किंवा दुमडून ठेवायचा म्हणजे चष्मा काचेला टेकतो. तुमचा नंबर साधा जवळचा-लांबचा असेल तर चष्मा काढून फोकसने भरून काढता येतो, सिलिंड्रिकल असेल तर फोकसने जात नाही, चष्मा ठेवूनच बघावं लागतं. मला स्वतःला सिलिंड्रिकल आहे त्यामुळे मी दुकानात गेल्या गेल्या आधी चष्मा घालूनच बघते, बाकी सगळं नंतर.

दुकानातच घ्या, फोर्टला कॅमेऱ्यावाल्यांकडे जा आणि काउंटरवर न बघता रस्त्यावर येऊन बघा, समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरची पाटी वाचा, गोलाच्या मधे वाचा आणि मग तीच पाटी कडेला नेऊन वाचा. कडेला थोडी पुसट होणारच, पण अर्धा गोल पुसट असेल तर राहू द्या. आकाशासमोरची केबल किंवा टीव्हीची डिश बघा, कडेला जांभळी-हिरवी झालर किती येते ते कळतं. बॉक्सवर बीएके-४ प्रिझम (आतल्या प्रिझमची चांगली काच) आणि फुली मल्टी कोटेड (सगळ्या काचांवर लेपाचे अनेक थर) हे दोन शब्द शोधा, नुसतं कोटेड लिहिलेलं म्हणजे एखाद्या काचेला एखादा हात फिरवलाय. आणि पुढची काच लालभडक माणकासारखी चमकत असेल तर लगेच परत द्या, ती लाली दिसायला भारी असते पण लाल उजेड बाहेरच परतवते आणि चित्र हिरवट येतं. निकॉन, व्हॉर्टेक्स, सेलेस्ट्रॉन, बुशनेल यातलं जे मिळेल आणि तुमच्या चष्म्याला जुळेल ते, मी कुठल्या एकाची वकिली करत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. भांडुपला दोन-दोन तास बसत असाल तर मोनोक्युलर ही दुर्बिणीची जागा घेणार नाही. एक डोळा मिटून धरणं पाच मिनिटं ठीक, अर्ध्या तासाने कपाळ दुखायला लागतं. मुलाची दुर्बीण काढून टाकू नका, फक्त गळ्यातला पट्टा काढून खांद्यांवरून पाठीवर क्रॉस जाणारा पट्टा लावा, मानेचं ओझं जाईल. आणि मोनोक्युलर शर्टाच्या खिशात, भाजी आणायला जाताना, ट्रेनची वाट बघताना, तांबट कुठून ओरडतोय ते शोधायला. धरताना मूठ करून धरा, तर्जनी भुवईला टेकवा, कोपर छातीला चिकटवा, झाड किंवा कठडा मिळाला तर त्याला टेका. यानेच निम्मा काप जातो.

हो, आणि ऐन भरतीला खाडीवर जाऊ नका, चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे जातात. पूर्ण ओहोटीला ते पार लांब पांगतात. भरती चढत असताना किंवा उतरत असताना, मधल्या वेळात जा, तेव्हा तेच काठाजवळ सरकतात. शिवडीलाही हेच. भरतीचं टाइमटेबल बघितलंत तर दहापटवाल्याचे पैसे वाचतील.

ताई, आमचा ग्रुप पावसाळ्यात दर रविवारी ट्रेकला जातो. वॉटरप्रूफ मोनोक्युलर घेऊ का साधं घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू? हजार-दीड हजाराचा फरक पडतोय.
एक वाचक, घाटकोपर

वॉटरप्रूफ घ्या. पावसाच्या थेंबांसाठी नाही हो, बुरशीसाठी. माझं पहिलं मोनोक्युलर मी मोठ्या प्रेमाने त्याच्या चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवलं, जून ते सप्टेंबर बघितलंच नाही, दसऱ्याला काढलं तर आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दुकानदार म्हणाला साफ करून देतो, आठशे रुपये घेतले, धागे गेले पण त्यांचे व्रण कोटिंगवर तसेच राहिले, उन्हाकडे केलं की आख्खं चित्र दुधाळ. तेव्हापासून काचेची वस्तू मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवते, आत सिलिका जेल, निळं असतं ते गुलाबी झालं की दमलं असं समजायचं आणि गरम करून परत निळं करायचं.

आतून नायट्रोजन भरलेलं आणि सील केलेलं असेल तर दमट हवा आत शिरत नाही आणि आतल्या काचा धुरकट होत नाहीत. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं, म्हणजे ओढ्यात पडलं तरी शोधून काढा, चालेल. पिशवीत मात्र ओलं मोनोक्युलर कधीच बांधून ठेवू नका, ती बुरशीची नर्सरी आहे. अजून एक, एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या काच बाहेरून धुकट होते, तेव्हा टीशर्टने घासू नका, चिखल-धूळ असतेच त्यावर, ओरखडे पडतात. दोन मिनिटं थांबा, आपोआप जातं.

माझ्या १० वर्षांच्या मुलीला फुलपाखरांचं वेड आहे, शिवाजी पार्कात आणि नॅशनल पार्कात तासन्‌तास बघते. तिला दुर्बिणीपेक्षा मोनोक्युलर बरं पडेल का?
एक आई, दादर

तिला नक्की. मुलांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, मोठ्यांची दुर्बीण पुरेशी मिटतच नाही, मग दोन गोल दिसतात आणि पोर कंटाळून सोडून देतं. एका डोळ्याला ही भानगड नाही. फक्त फुलपाखरांसाठी क्लोज फोकस बघून घ्या, म्हणजे कमीत कमी किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं ते. काहींचं चार-पाच मीटर असतं, ते नको, दोन मीटरच्या आत हवं. दुकानात तिच्याच चपलेकडे बघायला सांगा, स्पष्ट दिसली तर घ्या. पॉवर सहा किंवा आठ, जास्त नको. थंडीत गुरू आकाशात वर असला की गच्चीच्या कठड्यावर टेकवून दाखवा, शेजारी त्याचे उपग्रह बारीक टाचणीच्या टोकांसारखे ओळीत दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये बघितले तेच चार. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही, क्षणभरसुद्धा नाही, हे तिला पहिल्याच दिवशी दरडावून सांगा, आणि खिडकीत मोनोक्युलरची काच उघडी टाकून ठेवू नका.

ताई, माझा प्रश्न पक्ष्यांचा नाही. माझ्या आईची नजर बरीच अधू झालीय, चष्म्यानेही सुधारत नाही असं डॉक्टर म्हणाले. बस स्टॉपवर बसचा नंबर दर वेळी कोणाला तरी विचारावा लागतो याचं तिला फार वाईट वाटतं. मोनोक्युलरचा उपयोग होईल?
एक वाचक, परळ

होतो, आणि छान होतो. लो व्हिजन क्लिनिकमध्ये याच कामासाठी बोटाएवढी मोनोक्युलर देतात, ४×१२, ६×१६, ८×२० अशी. बसच्या पाटीला चारपटपासून सुरू करा, गोल मोठा असतो त्यामुळे हलत्या बसचा नंबर लवकर सापडतो. पण हे ऑनलाइन मागवू नका आणि माझ्या सांगण्यावरून फोर्टलाही जाऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना लो व्हिजन क्लिनिकची चिठ्ठी मागा, तिथे दोन्ही डोळे तपासून कुठल्या डोळ्याला किती पॉवर ते ठरवतात आणि वापरायला शिकवतात. ते शिकणं महत्त्वाचं, कारण आधी नुसत्या नजरेने बस हेरायची, मान तशीच ठेवून मोनोक्युलर डोळ्याला न्यायचं आणि मग फोकस, हे हाताला बसायला दोन-तीन आठवडे लागतात. घरी आधी बसूनच सराव करू दे, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग गॅलरीतून समोरच्या दुकानाच्या पाटीवर. स्टॉपवरही उभं राहूनच बघायचं, डोळ्याला लावून एक पाऊलसुद्धा चालायचं नाही. मनगटात दोरी अडकवून द्या, गर्दीत धक्का लागला तरी पडणार नाही. आईंना पहिली बस स्वतः वाचता आली की कुठला नंबर होता ते मला कळवा.