धोट्याचं भोक

प्रश्न : लोअर परळच्या एका टॉवरमध्ये मी कंत्राटावर हाउसकीपिंगला आहे. चेंबर तुंबलं की सुपरवायझर आम्हा तिघांनाच हाक मारतो. तिघेही बौद्ध. युनियनमध्ये बोललो तर आमचे कार्यकर्ते म्हणाले, “जात मध्ये आणलीस तर एकजूट फुटेल. आधी पगारवाढ होऊ दे.” हे कार्यकर्ते माणूस म्हणून चांगले आहेत. मी गप्प बसू का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : दादा, गप्प बसू नका.

तुम्ही काम करता त्या भागात गिरण्या होत्या. माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, होते. एकदा त्यांनी जुना धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, घरी आणला आणि मला करून दाखवलं : कांडीवरचा धागा संपला की नवी कांडी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि धागा तोंडाने ओढून घ्यायचा. या उष्ट्यापायी सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. आणि पगार त्याच खात्यात चांगला! १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवायची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. तेव्हा एकजूट कुठे अडली होती, सांगा बरं? त्या भोकापाशीच ना? आमच्या चाळीत हे कधी कुणी बोललं नाही. आम्ही मराठे, आम्हाला बोलायची गरजच पडली नव्हती. याची मला आजही लाज वाटते.

आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, आपला स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले. जातीचं बोलणारा कामगारांत फूट पाडतो, हे म्हणून मला पटत नाही.

तुमच्या कार्यकर्त्यांची भीती अगदीच खोटी नाही. निवडणूक आली की जात आठवणारे पुढारी त्यांनीही पाहिलेत. पण तुम्ही कुठे मतं मागताय? तुम्ही कामाची वाटणी मागताय.

चेंबर कोणत्या तारखेला तुंबलं, कुणाला पाठवलं, हातमोजे दिले का, हे आजपासून वहीत लिहा. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तसं झालं असेल तर तेही लिहा. मागणी सगळ्यांच्या नावाने मांडा : चेंबरला मशीन आणा, बाकी घाणीचं काम पाळीपाळीने सगळ्यांना द्या. पगारवाढीच्या त्याच कागदावर, तिच्या खाली नव्हे, शेजारी.

सभेआधी वही त्या कार्यकर्त्यांना एकट्यांना दाखवा. चहाला बोलवा आणि तारखा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.