पोलीस सुधारणांवरच्या व्यंगचित्रांतले तर्कदोष कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की पोलीस सुधारणांवरची राजकीय व्यंगचित्रं बघून तर्कदोष शोधायचे आहेत, पण प्रत्येक चित्रात अतिशयोक्ती असतेच, मग दोष नेमका कशाला म्हणायचं?

मी नागपुरात कॉलेजच्या मुलांकडून वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेते, त्यामुळे हा गोंधळ चांगला ओळखीचा आहे. अतिशयोक्ती हा तर्कदोष नाही. मंत्र्याचं पोट टेबलाएवढं आणि हवालदाराची काठी विजेच्या खांबाएवढी काढणं हा व्यंगचित्रकाराचा हक्कच आहे. दोष बघायचा तो चित्र जे सांगतंय त्यात. म्हणून मी मुलांना चित्राखाली एक वाक्य लिहायला लावते आणि त्यात ‘म्हणून’ यायलाच हवं अशी अट घालते: अमुक आहे, म्हणून तमुक होणार. मग त्या ‘म्हणून’च्या अलीकडून पलीकडे खरंच जाता येतं का, ते तपासायचं.

नेहमी दिसणारा नमुना घ्या. हवालदाराचे हात मागे बांधलेत, दोरीवर ‘मानवाधिकार’ लिहिलंय आणि त्याच्या डोळ्यांदेखत चोर गाठोडं घेऊन पळतोय. वाक्य होतं: पोलिसांवर देखरेख आली, म्हणून गुन्हेगार मोकाट सुटणार. ही खोटी कोंडी आहे. एक तर देखरेख, नाहीतर सुरक्षितता, तिसरी वाटच नाही, असं चित्र गृहीत धरतं. पण हे ओळखायला सुधारणा म्हणजे काय तेही ठाऊक हवं, आणि मुलं इथेच अडतात.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सात निर्देश दिले. याचिका करणारे प्रकाश सिंह स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हा त्या सातांतला एक निर्देश, आणि त्याचा मुख्य रोख कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार अशा गोष्टींवर. बाकीचे बघा: महासंचालकापासून ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या-बढत्यांसाठी अधिकाऱ्यांचंच आस्थापना मंडळ, सरकारने पोलिसांवर गैरवाजवी दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग. म्हणजे सुधारणांचा बराचसा भाग पोलिसांच्या हातातली राजकीय दोरी सोडवण्यासाठीच आहे! चित्राने नेमका तोच भाग गाळला. खोट्या कोंडीच्या जोडीला हे बुजगावणंही झालं: मूळ मागणी बाजूला ठेवून पाडायला सोपी अशी दुसरीच उभी केली.

आणखी एक निर्देश नागपूरकराने तरी विसरू नये. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, सुरुवात दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांपासून. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर २४ लाखांवर होतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनाकडे रोज मोर्चे निघतात, झिरो माइल ते सीताबर्डी बंदोबस्त लागतो. चोरीच्या गुन्ह्याचा तपास ज्याच्याकडे आहे तोच अधिकारी दिवसभर बॅरिकेडपाशी उभा राहणार असेल, तर चोर निसटण्यामागे मानवाधिकारच आहेत असं कसं म्हणायचं?

दोष दुसऱ्या बाजूलाही तेवढेच सापडतात, आणि आपल्याला पटणाऱ्या चित्रात ते शोधणं जास्त कठीण. खाकी घातलेला लांडग्यांचा कळप आणि मधोमध थरथरणारा नागरिक. वाक्य होतं: कोठडीत अत्याचार होतात, म्हणून प्रत्येक पोलीस लांडगा. कोठडीतले अत्याचार खरे आहेत, मला त्यांची मनापासून चीड आहे, तरीही हे घाईचं सामान्यीकरणच. शिवाय सगळेच लांडगे असतील तर नियम बदलून काय उपयोग? असं चित्र सुधारणेच्या मागणीलाच कमकुवत करतं.

अमेरिकेतली चित्रं घेणार असाल तर जरा जपून. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांचा निधी काढून घ्या ही घोषणा पुढे आली. त्यावरचं ठरावीक चित्र: घरात दरोडेखोर, बाई ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर फिरवतेय आणि पलीकडे कुणीच नाही. हे बुजगावणं का? ज्यांना पैशाचा काही भाग मानसिक आरोग्य, घरं याकडे वळवायचा होता त्यांच्यावर रोख असेल, तर हो. पण पोलीस दल पूर्ण बरखास्त करा म्हणणारेही होते, त्यांच्यावर असेल तर चित्र बरंचसं रास्त आहे. चित्र कुणाला उत्तर देतंय हे ठरल्याशिवाय बुजगावण्याचा शिक्का मारू नका.

गुन्ह्यांचा चढता आलेख आणि त्याखाली सुधारणेचा फलक धरलेला माणूस, हे आणखी एक चित्र. २०२० मध्ये अमेरिकेत खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले हे खरं, पण ते पोलिसांचा निधी वाढवलेल्या शहरांतही वाढले. हा काकतालीय न्याय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आलेख कुठल्या वर्षापासून काढलाय तेही बघा, बऱ्याचदा सोयीचं वर्ष निवडलेलं असतं.

काही चित्रांत मात्र तुम्हाला ‘म्हणून’ सापडणारच नाही. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. समजा कुणी कोठडीतल्या कॅमेऱ्यावर टोपी टांगलेली काढली, खाली एक शब्दही नाही. हे चित्र काही सिद्ध करायला निघालेलं नाही, ते बोट दाखवतंय. असं खरंच घडतं का, एवढंच तिथे विचारता येईल, आणि त्याचं उत्तर तर्कशास्त्रात नाही, त्या त्या ठाण्यात जाऊनच मिळेल. अशा चित्राखाली ‘तर्कदोष नाही’ असं बेधडक लिहा.