मारव्याला तीस सेकंद पुरत नाहीत

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. फोनवर गाण्यांच्या याद्याच याद्या असूनही ‘यातले मला स्वतःला काय आवडते ते सांगता येत नाही’, असे तू ओशाळून लिहिले आहेस. मला ते वाक्य प्रामाणिक वाटले. मात्र त्याखाली ‘आणखी काय ऐकू?’ असे विचारलेस, तिथे तू पुन्हा यादीच मागितलीस.

उस्ताद अमीर खाँनी गायलेला मारवा राग घे. झुमरा तालाचे चौदा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेराही, त्यांच्या अतिविलंबित, फार संथ लयीत तीस सेकंदांत पुरे होत नाही, आणि स्पॉटिफायच्या हिशेबी तेवढ्यात गाणे ‘ऐकून’ झालेले असते. मारव्यात पंचम म्हणजे ‘प’ वर्ज्य, आणि जिथे गाणे विसावते तो षड्ज, ‘सा’ही सतत टाळलेला, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागा मिळत नाही. मला तो प्रथम चक्क कंटाळवाणा वाटला होता. त्या कंटाळ्यापाशी थांब, एवढेच माझे सांगणे आहे. तू कुठे कंटाळलास हे फोनमधले यंत्र अचूक टिपते आणि तसले काही पुन्हा तुझ्या वाटेला येऊ देत नाही. मग तुझी आवड वाढणार कशी?

यंत्राने गाणे कापणे जुनेच आहे म्हणा. १९०२ साली गायिका गौहरजान कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. पण पुढची तबकडी कोणती लावायची, हे ऐकणाऱ्यालाच उठून ठरवावे लागे.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पंचविशीत मी एका वृत्तपत्रासाठी मैफिलींची परीक्षणे लिहीत असे. एका तरुण गायकाचे गाणे मला मनापासून आवडले होते, तरी मध्यंतरात चहाच्या टपरीवर दर्दी मंडळींनी नाके मुरडलेली पाहून मी ‘आवाज कच्चा’ असे छापून आणले. ते कात्रण अजून माझ्या कपाटात आहे. त्यानंतर मी हट्टी झालो. घरचे तिरसट म्हणतात, म्हणोत. टपरीवरच्या चार माणसांपुढे माझी ही गत झाली, तुझ्या खिशात तर सगळे गावच बसले आहे. म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळ्यापाशी थांब, आणि ‘वेळ मिळत नाही’ हे मला लिहू नकोस.

रविवारी दिवस मावळायच्या सुमारास ये. फोन चपलांपाशी ठेव. मारवा लावू, कंटाळलास तर खुशाल सांग, पण उठू नकोस.

तुझा,
एक जुना श्रोता